वाचकांचे प्रश्न : दुरुस्ती आधी कोणत्या शाखेत?

प्रश्न : आम्ही चौघे मित्र मिळून सार्वजनिक ग्रंथालयांच्या देवघेवीसाठी एक मुक्तस्रोत प्रणाली चालवतो. ग्रंथालये तिच्या कोडची स्थिर शाखा, म्हणजे वापरासाठी पक्की ठेवलेली प्रत, वापरतात आणि विकास शाखेवर, म्हणजे नवे बदल होत असलेल्या प्रतीवर, दीड वर्षापासून नवी रचना चालू आहे. गेल्या महिन्यात एका ग्रंथालयात विकास शाखा बसवून पाहिली, तेव्हा स्थिर शाखेत वर्षापूर्वी दुरुस्त केलेली दंड आकारणीतली चूक तिथे जशीच्या तशी आढळली. आता दोन्ही शाखा मर्ज (एकत्र) करायला गेलो की शेकडो ठिकाणी संघर्ष येतो, म्हणजे एकाच जागी दोन न जुळणारे बदल आढळतात. आमचे कुठे चुकले?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ती दुरुस्ती विकास शाखेत कधी पोहोचलीच नव्हती. ग्रंथालयाचा फोन आला, आपण घाईने स्थिर शाखेत चूक सुधारली, आणि विकास शाखेत ती नंतर नेऊ असे ठरवले असणार; त्या ‘नंतर’ची जबाबदारी मात्र कोणा एकाकडे नव्हती. हीच अडचण लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्स या संगणक प्रणालीचा गाभा, यासारख्या मोठ्या प्रकल्पालाही आली होती. तिथे पूर्वी आवृत्तीचा दुसरा आकडा सम असेल तर ती स्थिर आणि विषम असेल तर ती विकासाची, अशी पद्धत होती. 2.4 ही स्थिर आवृत्ती जानेवारी 2001 मध्ये आली आणि पुढची 2.6 यायला डिसेंबर 2003 उजाडला. मधल्या काळात 2.4 मधल्या दुरुस्त्या विकासाच्या 2.5 मध्ये वेळेवर पोहोचत नव्हत्या, म्हणून कर्नलचे एक विकासक डेव्ह जोन्स यांना 2002 मध्ये त्या गोळा करून पुढे नेण्यासाठी स्वतंत्र ट्री (कोडची वेगळी प्रत) चालवावी लागली. दुसरीकडे, वापरकर्त्यांना नव्या सोयींसाठी इतका काळ थांबणे शक्य नसल्यामुळे लिनक्सचे तयार संच पुरवणाऱ्या वितरक कंपन्या त्या सोयी 2.5 मधून काढून आपापल्या 2.4 वर चढवत राहिल्या, आणि ज्या शाखेने स्थिर राहायचे तीच प्रत्येकाकडे वेगळी होऊन बसली.

2.6 नंतर 2.7 ही विकास शाखा उघडलीच गेली नाही. त्याऐवजी आज चालू असलेली लय हळूहळू बसत गेली : दोन आठवडे नवे काम स्वीकारायचे, पुढचे सहा-सात आठवडे फक्त दुरुस्त्या घ्यायच्या आणि मग आवृत्ती प्रसिद्ध करायची. कर्नलचे विकासक ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि ख्रिस राइट यांनी मार्च 2005 मध्ये सुरू केलेल्या स्थिर शाखेचा नियम माझ्या मते आपल्या प्रश्नाचे नेमके उत्तर आहे. कोणतीही दुरुस्ती आधी मुख्य शाखेत गेली पाहिजे, आणि तिथे गेल्यावरच ती स्थिर शाखेत घेतली जाते. शिवाय पॅच (दुरुस्तीचा कोड) आजूबाजूच्या ओळी धरून शंभर ओळींपेक्षा मोठा नसावा आणि त्याने वापरकर्त्यांना प्रत्यक्ष त्रास देणारी चूक सुटावी, अशाही अटी आहेत.

कोडच्या शाखा आणि बदल सांभाळणारे साधन म्हणजे गिट; खुद्द त्याच्या विकासात दिशा उलटी आहे, हेही सांगायला हवे. तिथे दुरुस्तीची उपशाखा चूक ज्या जुन्या आवृत्तीपासून आहे तिथून फोडतात आणि वरच्या, म्हणजे अधिक नव्या, शाखांमध्ये क्रमाने मर्ज करतात. दोन्ही मार्गांनी एकच गोष्ट साधते : कोणतीही दुरुस्ती केवळ जुन्या शाखेत राहत नाही. आपल्या दोन शाखा मात्र आता इतक्या दुरावल्या आहेत की वरच्या दिशेने मर्ज करणे जमणार नाही, म्हणून मी आपल्याला पहिलाच मार्ग सुचवेन. दुरुस्ती विकास शाखेत करावी आणि तिथून चेरी-पिकने, म्हणजे तेवढा एकच बदल उचलणाऱ्या गिटच्या आज्ञेने, स्थिर शाखेत आणावी. त्या आज्ञेला ‘-x’ हा पर्याय जोडला की मूळ कमिटची (नोंदवलेल्या बदलाची) ओळख संदेशात आपोआप नोंदली जाते आणि कोणती दुरुस्ती कुठून आली हे पुढे शोधता येते. जिथे विकास शाखेतला तो भागच नव्याने लिहिला गेला असेल, तिथे स्थिर शाखेपुरता वेगळा पॅच लिहावा लागेल, पण तेव्हाही विकास शाखेत ती चूक उरलेली नाही याची चाचणी लिहिल्याशिवाय काम पूर्ण झाले असे मानू नये.

मागची थकबाकी मात्र हातानेच फेडावी लागेल. सगळे एकदम मर्ज करण्याचा प्रयत्न सोडून द्या, शाखा फुटल्यापासूनचे स्थिर शाखेतले कमिट एकेक करून वाचा आणि प्रत्येकासमोर ‘नेले’, ‘गरज नाही’ किंवा ‘नव्याने लिहायचे’ अशी नोंद करा. आणि नवी रचना पुरी होण्याची वाट न पाहता तिचे तयार भाग लहान लहान आवृत्त्यांतून बाहेर काढा. जवळजवळ दीड वर्ष एकाही ग्रंथालयाने न वापरलेली शाखा आपल्याला तिच्यातल्या चुका सांगू शकत नाही.

प्रश्न : जुन्या आवृत्तीला किती काळ सांभाळावे?
— एक वाचक, पणजी

उत्तर : पोस्टग्रेस-क्यूएल ही मुक्तस्रोत डेटाबेस प्रणाली प्रत्येक मोठ्या आवृत्तीला पाच वर्षे दुरुस्त्या पुरवते. लिनक्सने काही दीर्घकालीन आवृत्त्यांना सहा वर्षे दिली होती, पण नव्या आवृत्त्यांसाठी ती मुदत दोन वर्षांवर आणण्याचे 2023 मध्ये जाहीर झाले, कारण हे काम करणारी माणसे मोजकी आणि थकलेली होती. लहान गटाने चालू आवृत्ती आणि तिच्या आधीची एक, एवढेच सांभाळावे, आणि आधार कधी संपणार ती तारीख आवृत्ती प्रसिद्ध होईल त्याच दिवशी लिहून द्यावी, म्हणजे वापरणाऱ्यांना बदलाची तयारी करायला पुरेसा अवधी मिळतो.