सळ्यांचा गंज आणि पाण्याची बदनामी

प्रश्न : ताई, गेल्या आठवड्यात पाण्याच्या फिल्टरचा विक्रेता घरी आला होता. आमच्या नळाच्या पाण्यात त्यानं पेनासारखं मीटर बुडवलं, आकडा आला ३८०. मग दोन ग्लासांत विजेच्या सळ्या सोडल्या. एकात आमचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या आरओचं, म्हणजे अतिबारीक पडद्यातून पाणी गाळणाऱ्या यंत्राचं. मिनिटभरात आमचं पाणी हिरवट, मग विटकरी झालं, खाली गाळ बसला. त्याचं पाणी जसंच्या तसं! 'हे रोज तुमच्या पोटात जातं,' म्हणाला. तेव्हापासून सासूबाई नळाच्या पाण्याचा घोट घ्यायला तयार नाहीत. आरओ घ्यावाच लागेल का?

सासूबाईंना आधी एवढं सांगा, की ग्लासात दिसला तो रंग पाण्याचा नव्हता, सळ्यांचा होता. त्या सळ्या लोखंडाच्या असतात. वीज वाहू लागली की लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि त्याचा गंज होतो. वीज वाहायला पाण्यात क्षार लागतात. नळाच्या पाण्यात ते असतात, आरओच्या पाण्यात फारच थोडे उरतात, म्हणून तिथं सळ्या नुसत्या उभ्या. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षं काढली. हाच खेळ घेऊन एक मुलगा एकदा आमच्याच दारात आला होता. मी त्याच्या 'शुद्ध' ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं आणि म्हटलं, आता बटण दाब. त्याचंही पाणी तसंच विटकरी झालं. तो माझ्यापेक्षा जास्त चकित झाला. त्याला शिकवलं होतं तेवढंच तो बिचारा करत होता.

आता मीटरबद्दल. पाण्यातून वीज किती सहज जाते हे ते मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा एकत्र अंदाज सांगतं, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. त्यात मोठा वाटा कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, बायकार्बोनेट, क्लोराइड आणि सल्फेट यांचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे साधारण ६०० पर्यंत पाणी चवीला चांगलं लागतं आणि १००० च्या पुढे नकोसं होत जातं. म्हणजे हा आकडा मुख्यतः चवीचा आणि किटलीत बसणाऱ्या पांढऱ्या थराचा. याउलट आर्सेनिकची मर्यादा आहे लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम. तुमच्या पाण्यात मर्यादेच्या दहापट आर्सेनिक असलं, तरी ३८० चे ३८१ होणार नाहीत. जंतू तर या मीटरला दिसतच नाहीत.

म्हणून यंत्राच्या आधी तपासणी. कोणत्या गोष्टींची, हे पाणी कुठून येतं त्यावर ठरवा. विहीर किंवा बोअर असेल तर ई. कोलाय (विष्ठेतून पाण्यात येणारा जंतू), नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक. सार्वजनिक नळ असेल तर पुरवठा करणाऱ्यांकडे त्यांचे अहवाल मागता येतात, पण तुमच्या घरातल्या जुन्या नळांचं नि जोडण्यांचं शिसं त्या अहवालात येत नाही. ते स्वतंत्र तपासावं लागतं. शिशाचा नमुना सकाळचा पहिला हवा, रात्रभर पाइपात थांबलेला, नळ न सोडता घेतलेला. जंतूंसाठी प्रयोगशाळा निर्जंतुक बाटली देते. तिच्या तळाशी थोडी पांढरी पूड असते, ती पाण्यातला क्लोरिन मारण्यासाठी मुद्दाम घातलेली. तिला मळ समजून बाटली स्वच्छ विसळून, वर पुसून आणणारे किती जण मी पाहिले! बाटली विसळू नका, झाकणाला आतून बोट लावू नका, आणि नमुना थंड ठेवून त्याच दिवशी पोहोचवा.

अहवाल हातात आला की निवड फार अवघड उरत नाही. पाण्याला नुसता क्लोरिनचा वास असेल तर कार्बनचा साधा फिल्टर पुरतो. जंतू आढळले आणि पाणी नितळ असेल तर यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारा दिवा. पाणी गढूळ असेल तर कणांच्या आडोशानं जंतू वाचतात, म्हणून यूव्हीच्या आधी गाळणी हवीच. शिसं असेल तर कार्बन ब्लॉक, म्हणजे घट्ट दाबलेल्या कार्बनचा ठोकळा चालतो, पण त्यावर एनएसएफ ५३ (फिल्टरसाठीचं एक अमेरिकी मानक) हे प्रमाणपत्र आणि यादीत शिसं असं स्पष्ट लिहिलेलं पाहा. एनएसएफ ४२ एवढंच लिहिलं असेल तर ते फक्त चव, वास आणि क्लोरिनचं. फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिक किंवा खारटपणा यांसाठी मात्र आरओ योग्य. तरी आर्सेनिकचं एक रूप, जे भूजलात बऱ्याचदा असतं, आरओच्या पडद्यातून बऱ्यापैकी निसटतं. त्यामुळे यंत्र बसवल्यावर बाहेर पडणारं पाणी पुन्हा तपासायचं. हे कुणी करत नाही.

यातलं काहीच अहवालात नसेल तर आरओ घेऊन तुम्ही लिटरभर पाण्यासाठी बऱ्याचदा तीन लिटर किंवा त्याहून जास्त पाणी मोरीत सोडाल, आणि चांगले क्षारही त्याबरोबर जातील. आकडा ३८० वरून ३० वर आला म्हणून खूश व्हायचं असेल तर गोष्ट वेगळी.

प्रश्न : आमची मुलगी चार महिन्यांची आहे, वरचं दूध घेते. पाणी विहिरीचं. तपासणीत नायट्रेट लिटरमागे ४६ मिलिग्रॅम आलं, जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५० आहे म्हणे. तरी खात्री म्हणून आम्ही पाणी २० मिनिटं उकळतो. हे बरोबर ना?

हे पत्र मी सगळ्यांत आधी वाचायला हवं होतं. नाही, बरोबर नाही. उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट तिथंच राहतं, आणि पाणी आटतं. दोन लिटरचं आटून दीड लिटर झालं की ४६ चे ६१ झाले. म्हणजे खात्रीसाठी उकळताना तुम्ही मर्यादा ओलांडताय. जंतू मारायला खळखळून एक मिनिट उकळी पुरते. दोन हजार मीटरहून उंच राहत असाल तर तीन मिनिटं.

दुसरं म्हणजे अहवाल पुन्हा उघडा. आकडा 'नायट्रेट' म्हणून दिलाय की 'नायट्रोजनच्या रूपात'? दोन्ही पद्धती चालतात. दुसऱ्या पद्धतीत तीच मर्यादा ११ होते, आणि तुमचे ४६ त्या पद्धतीचे असतील तर ते मर्यादेच्या चौपट आहेत. शंका असेल तर प्रयोगशाळेला आजच फोन करा. तोवर बाळाच्या दुधासाठी या विहिरीचं पाणी वापरू नका. नायट्रेट नसलेलं दुसरं पाणी आणा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांमध्ये नायट्रेटमुळे रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी होते. ओठ, नखं निळसर दिसली तर लगेच डॉक्टर. कार्बन आणि यूव्ही इथं काही कामाचे नाहीत. आरओ चालेल, पण त्याच्याही पाण्यातलं नायट्रेट तपासूनच बाळाला द्या. विहिरीचं नायट्रेट पावसानंतर बदलतं, म्हणून एका अहवालावर वर्ष काढू नका.

प्रश्न : फिल्टरचं कार्ट्रिज तीन वर्षांत बदललेलं नाही. पाण्याची चव अजून छान आहे. बदलायलाच हवं का?

हवं. कार्बनची शोषायची ताकद संपते ते चवीवरून नेहमी कळत नाही. शिसं तर बेचवच असतं. शिवाय जुन्या ओलसर कार्बनवर जंतू सुखानं राहतात. मी स्वतः काय केलं ते सांगते, म्हणजे तुम्हाला ओशाळं वाटायला नको. माझ्या घरच्या यूव्हीचा निळा दिवा रोज पेटत होता आणि मी रोज समाधानानं बघत होते. एकदा सहज मोजणी केली तर दिवा चौथ्या वर्षात होता. डोळ्यांना दिसणारा निळा उजेड जंतू मारत नाही. मारतात ते २५४ नॅनोमीटरचे न दिसणारे किरण, आणि ते साधारण वर्षभरानं मंदावतात. जन्मभर दुसऱ्यांचं पाणी तपासलं आणि घरात हा कारभार! आता प्रत्येक डब्यावर बसवल्याची तारीख मार्करनं लिहिलेली आहे. पंधरवडाभर बाहेरगावी जाऊन आलात तर पहिलं पाणी झाडांना घाला.

प्रश्न : मॅडम, आमच्या स्वयंपाकघराला लागूनच पोपटाचा पिंजरा आहे. नॉनस्टिकच्या वाफेनं पक्षी मरतात असं ऐकलं. शिवाय आमच्या तव्यावर ओरखडे पडलेत. सगळी नॉनस्टिक फेकून 'सिरॅमिक' घ्यावीत का? खोक्यावर 'विषमुक्त' लिहिलंय.

पिंजरा आज हलवा, तव्याचं नंतर बघू. ऐकलंत ते खरं आहे. या लेपाचं नाव पीटीएफई. १९३८ मध्ये रॉय प्लंकेट हे रसायनशास्त्रज्ञ फ्रिजमधल्या वायूवर काम करत असताना सिलिंडरमध्ये अचानक पांढरी पूड सापडली, तीच ही. साधारण २६० अंश सेल्सियसपर्यंत ती शांत असते. त्यापुढे बिघडू लागते आणि ३५० च्या वर चांगलीच तुटते. भाजी परतताना तवा तिथवर जात नाही, कारण पाणी आणि पदार्थ त्याला थंड ठेवतात. रिकामा तवा मोठ्या आचेवर ठेवला की काही मिनिटांत जातो. पक्ष्यांची फुप्फुसं हवेतलं सगळं इतक्या तत्परतेनं ओढतात, की आपल्याला नुसता उग्र वास येतो तेवढ्यात पक्षी गेलेला असतो. माणसांना त्या धुरानं थंडीताप आल्यासारखं होतं. मीही एकदा फोनवर बोलता बोलता तवा विसरले होते. तो तवा तेव्हाच टाकला.

ओरखड्यातून पोटात जाणारे कण मात्र फारसे घाबरवणारे नाहीत. ते पचत नाहीत, बाहेर पडतात. लेप निघून खालचं अॅल्युमिनियम दिसू लागलं की तवा बदलायचा.

'पीएफओए-मुक्त' हा शब्दही खोक्यावर दिसेल. पीएफओए हे लेप बनवताना वापरलं जाणारं रसायन. मोठ्या उत्पादकांनी २०१५ पर्यंत ते थांबवलं, २०१९ मध्ये स्टॉकहोम करारात (दीर्घकाळ टिकणाऱ्या घातक रसायनांवरचा जागतिक करार) त्याचा समावेश झाला आणि २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत घातलं. त्यामुळे ते नाही हे चांगलंच. पण पीटीएफई स्वतः त्याच कुळातलं आहे, आणि ते 'नाही' असं हा शब्द म्हणत नाही. बाकी 'विषमुक्त' म्हणजे कोणत्या विषापासून मुक्त, हे खोक्यावर लिहिलेलं नसेल तर तो शब्द वाचलाच नाही असं समजा.

'सिरॅमिक' तवा मातीचा नसतो. धातूवर सिलिकासारख्या खनिजाचा पातळ थर असतो. तापला तर तो पीटीएफईसारखा धूर सोडत नाही, पोपटासाठी हे बरं. पण त्याचा गुळगुळीतपणा वर्ष-दोन वर्षांत जातो आणि मग सगळं चिकटतं. तुमच्या जागी मी लोखंडाचा तवा घेईन.

प्रश्न : नव्या स्टीलच्या पातेल्याला चुंबक चिकटतो. फसवलं का?

नाही. ३०४ नावाच्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, त्याला चुंबक सहसा लागत नाही. ४३० मध्ये निकेल जवळजवळ नसतं, त्याला लागतो. इंडक्शनवर चालणाऱ्या पातेल्याचा तर बूडच मुद्दाम चुंबकीय असतो. निकेलची अॅलर्जी असेल आणि तुमचं पातेलं नुसत्या बुडाला नव्हे, तर आतूनही ४३० चं असेल, तर तेच बरं. ३०४ चं नवं पातेलं घेतलंत तर पहिल्या काही वेळा त्यात टोमॅटोसारखं आंबट तास न् तास शिजवू नका. निकेल-क्रोमियम सुटतं ते सुरुवातीलाच जास्त, नंतर कमी होतं.

प्रश्न : अॅल्युमिनियमनं स्मृतिभ्रंश होतो का?

भांड्यांमुळे तो होतो असं सिद्ध झालेलं नाही. आंबट-खारट पदार्थात अॅल्युमिनियम थोडं उतरतं, निरोगी मूत्रपिंड ते बाहेर टाकतं. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीनं आठवड्याला शरीराच्या किलोमागे २ मिलिग्रॅम ही मर्यादा घातली आहे. ६० किलोच्या माणसाला १२०. मूत्रपिंडाचा आजार असेल तर साधं अॅल्युमिनियम टाळा, अॅनोडाइज्ड (ज्यावर कडक संरक्षक थर चढवलेला असतो ते) चालेल. मला काळजी वाटते ती वेगळ्याच भांड्यांची. भंगार वितळवून ओतलेली, कोणताही शिक्का नसलेली. त्यात शिसं मिसळलेलं असू शकतं. २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं अॅल्युमिनियमच्या नि पितळेच्या काही आयात भांड्यांमधून शिसं अन्नात उतरतं म्हणून इशारे दिले. असं भांडं कितीही लाडकं असलं तरी त्यात फुलं ठेवा.

प्रश्न : लोखंडी कढईत केलेलं काळं पडतं आणि कढई गंजते. चुकतंय कुठे?

आंबट पदार्थ लोखंडात शिजवता आणि शिजल्यावर तिथंच ठेवता, असं दिसतंय. शिजलं की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा. लोह थोडं उतरतंच, बहुतेकांना ते चालतं, कुणाच्या शरीरात लोह साठायचा आजार असेल तर त्यांच्यासाठी ही कढई नको. धुतली की आचेवर ठेवून कोरडी करा, तेलाचा अगदी पातळ हात फिरवा आणि धूर येईपर्यंत तापवा. असं चार-पाच वेळा केलंत की काळा, चकचकीत थर बसेल. जाड तेल लावलंत तर चिकट होईल, मग पुन्हा घासून काढावं लागेल.