बीटल्स या ब्रिटिश बँडसाठी गाणी रचणारे जॉन लेनन आणि पॉल मॅककार्टनी खरे मित्र होते की कामापुरते एकत्र होते?

खरे मित्र होते. कडाडून भांडले, तरीही.

मी नाशिकचा. कॉलेजात एकांकिकांसाठी मी आणि माझा मित्र गाणी रचायचो. गंगापूर रोडला त्याच्या खोलीवर तो पेटी घेऊन, मी वही घेऊन. ती वही अजून जपून ठेवलीये. त्यात माझ्या एका ओळीवर त्याने काट मारलीये आणि शेजारी पेन्सिलने परत लिहिलंय, 'नाही, राहू दे.' त्यामुळे हा प्रश्न माझ्या फार जवळचा.

६ जुलै १९५७ ला लिव्हरपूलमध्ये एका चर्चच्या जत्रेत दोघं भेटले. जॉन १६ वर्षांचा, पॉल १५ चा. पॉलची आई आदल्याच वर्षी गेलेली, आणि १९५८ मध्ये जॉनची आई गाडीच्या धडकेत गेली. न सांगता समजून घेणारं माणूस त्या वयात दोघांनाही मिळालं. माझ्या मते मैत्रीचं मूळ इथे आहे, गाणी नंतर.

पॉल डावखुरा, त्यामुळे गिटार घेऊन समोरासमोर बसले की आरशात बघितल्यासारखं दिसायचं. गाणं कुणाचंही असो, नाव दोघांचं, हे पोरवयातच ठरलेलं. 'यस्टर्डे' एकट्या पॉलचं, तरी त्यावर लेननचं नाव आहे. 'गेटिंग बेटर'मध्ये पॉल म्हणतो, सगळं सुधारतंय. त्यावर जॉनची ओळ येते: याहून वाईट होणार तरी काय! एकट्याला सुचलं असतं का हे?

१९७० मध्ये बँड फुटला. पुढच्या वर्षी जॉनने पॉलवर जिव्हारी लागेल असं गाणं केलं. पुढे बोलणं सुरू झालं, पण ८ डिसेंबर १९८० ला जॉनचा खून झाला. १९८२ मध्ये पॉलचं 'हिअर टुडे' हे गाणं आलं, थेट त्याच्याशी बोलल्यासारखं लिहिलेलं.

पण मला विचाराल तर 'हे ज्यूड' ऐका. जॉनचा संसार मोडत होता तेव्हा त्याच्या लहान मुलाला धीर द्यायला पॉलने १९६८ मध्ये ते रचलं. जॉनला ऐकवताना खांद्याबद्दलची एक ओळ आली. पॉल म्हणाला, ही बदलतो, नुसती जागा भरायला टाकलीये. जॉनने बदलू दिली नाही. गाण्यातली सगळ्यात चांगली ओळ तीच आहे म्हणाला. ती ओळ गाताना जॉन आठवतो आणि गळा दाटून येतो, असं पॉलने स्वतः सांगितलंय.