काउंटरवरचा ‘च’

“दिवसभर लोकांशी गोड बोलते आणि घरी गेले की कुणाचा आवाज नको वाटतो.” समुपदेशक म्हणून लोकांसमोर बसून काम करणाऱ्यांकडून हे मी सतत ऐकते. या वेळी बोलणाऱ्या बाई ग्रंथालयाच्या देवघेव काउंटरवरच्या होत्या. (ओळख पटू नये इतके तपशील बदललेत.)

दंड माफ करा म्हणून आवाज चढवणारे, “मागच्या वर्षी त्या कोपऱ्यात होतं ते पुस्तक द्या” म्हणणारे, प्रिंटर बंद पडला की यांनाच दोष देणारे. ही यादी दोन भेटींत संपली. अडलं होतं ते एकाच प्रसंगाशी.

एका गृहस्थांनी आरोग्याची पुस्तकं मागितली. यांनी ६१३चं कपाट दाखवलं; ग्रंथालयाच्या वर्गीकरणात हा सर्वसाधारण आरोग्याचा क्रमांक. ते दोनदा परत आले. तिसऱ्यांदा सगळ्यांसमोर म्हणाले, “तुम्हाला काही कळत नाही.”

“ते काय शोधत होते?” मी विचारलं.

“आरोग्याची पुस्तकं.”

“तसं ते म्हणाले. शोधत काय होते?”

बराच वेळ त्या पेनाचं टोपण काढत-लावत राहिल्या. मग आवाज एकदम उतरला; वाचकानं काय नेलं हे बाहेर सांगायचं नसतं, ही सवय माझ्यासमोरही सुटली नव्हती. “शेवटी ६१६.९९४मधलं नेलं. कर्करोग.”

‘म्हणजे राग तुमच्यावर नव्हताच’ हे तयार वाक्य मी गिळलं. उमेदवारीच्या काळात म्हणायचे. लोक मान डोलवायचे आणि तसेच परत जायचे. थांबले ते बरं झालं, कारण पुढचं वाक्य आलं, “मला ओळखता आलंच पाहिजे होतं.”

हा ‘च’ मी वीस वर्षं ऐकतेय. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धत मला याच्यासाठीच जवळची वाटते. इच्छा ठेवा, हट्ट सोडा. मराठीत तर तो हट्ट एका अक्षरात सापडतो.

“‘च’ काढून म्हणा बघू.”

“ओळखता आलं असतं तर… बरं झालं असतं.” एवढं बोलून त्या रडल्या. प्रसंगानंतर पहिल्यांदाच.

मग कामाचं बोललो. जागेवरून उठण्याआधी हळू आवाजात एक प्रश्न विचारायचा: “यातलं नेमकं काय बघायचंय?” त्यांनी लगेच ग्रंथालयशास्त्रातले रंगनाथन काढले. त्यांच्या १९३१च्या पाच सूत्रांतलं चौथं, वाचकाचा वेळ वाचवा. प्रश्न विचारत बसलं तर रांग वाढते. म्हटलं, त्या गृहस्थांच्या तीन फेऱ्यांत कुणाचा वेळ वाचला? त्यावर त्या हसल्या.

आजाराचं किंवा कोर्टकचेरीचं विचारलं तर पुस्तक द्यावं, सल्ला नाही. दंडाबाबत नियम एकदा सांगावा, पर्याय असेल तर तोही, आणि थांबावं. लांबलेलं स्पष्टीकरण भांडणाला बळ देतं. शिवीगाळ झाली तर वरिष्ठांना बोलवावं. ती सोसणं नोकरीत येत नाही.

परवा त्या सांगत होत्या, नेमकं विचारूनही एकजण ओरडून गेला. “मग?” “मग काय, पुढच्याचं कार्ड घेतलं.”

रोज तासभर गप्पा मारायला येणाऱ्या आजोबांचं काय करायचं, ते मात्र आमचं अजून ठरलेलं नाही.