कानावरची गाठ काढलीस ना, मग आता खरी काळजी घे

अगं टाके निघाले म्हणजे संपलं असं समजू नकोस, मी तेच केलं होतं, बुगडीसाठी टोचलं होतं तिथला किलॉइड, म्हणजे जखमेच्या व्रणावर वाढत जाणारी टणक गाठ, काढला आणि निवांत बसले, सहा महिन्यांत परत शेंगदाण्याएवढी गाठ. नुसतं कापून काढलं तर ४५ ते १०० टक्के केसेसमध्ये तो परत येतो, म्हणून डॉक्टरांना आत्ताच ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडच्या इंजेक्शनचं विचार, साधारण दर ४-६ आठवड्यांनी देतात, दुखतं खूप पण एकही चुकवू नकोस. जखम पूर्ण भरली की व्रणावर सिलिकॉन शीट (मऊ चिकटपट्टी) लावायची, रोज १२ तास तरी, आणि काही महिने सलग. पाळीवर असेल तर दाब देणारे क्लिपवाले कानातले मिळतात, फक्त कातडी पांढरी पडेल इतके घट्ट नकोत.

आणि खाजेकडे लक्ष दे प्लीज. मला आधी रात्री उशीला कान टेकला की खाज यायची, मग कडा गुलाबी झाली, मग बोटाला टणक लागायला लागली, मी तेव्हाच जायला हवं होतं. हळद-लिंबू काही चोळू नकोस. लग्नात आई-मावशी कितीही मागे लागल्या तरी कान परत टोचायचा नाही, चापाची बुगडी मिळते की.