सीझन फसला, पण स्टाफमधला नेमका कोण फसला?

तुम्ही विचारलंय की अमेरिकन कॉलेज फुटबॉल टीमचा सीझन हातचा गेला तर पूर्ण स्टाफ हाकलायचा की हेड कोचला अजून एक वर्ष द्यायचं, हे ठरवायचं कशावरून. मी तर म्हणतो आधी नेब्रास्का युनिव्हर्सिटीच्या टीमचं २०२१ काढून बघा. १२ पैकी ९ मॅच हरले आणि नऊच्या नऊ ९ किंवा कमी पॉइंटने. वर्षभरात ३३५ पॉइंट केले आणि २७२ खाल्ले, म्हणजे हरणाऱ्या टीमचा हिशोब चक्क प्लसमध्ये! मग लोक म्हणणारच ना, की हेड कोच स्कॉट फ्रॉस्टचं नशीबच फुटकं. पण नॉर्थवेस्टर्नला ५६-७ आणि फोर्डहॅमला ५२-७ धुतलं त्या दोन मॅच बाजूला काढा, हिशोब थेट मायनस ३१.

आणि नशीब दरवेळी त्याच दारातून येतं का हो? इलिनॉयशी पहिल्याच मॅचला रिटर्नरने (समोरच्यांची किक पकडून पळणारा) आपल्याच गोललाइनच्या तोंडाशी पंट (बॉल सोडून देताना मारलेली लांब किक) पकडला आणि सेफ्टी (आपल्याच गोलमध्ये अडकून समोरच्यांना २ पॉइंट) देऊन बसला. ओक्लाहोमाशी टचडाऊननंतरची (बॉल समोरच्या टोकाला नेऊन ६ पॉइंट घेतल्यावरची) एक्स्ट्रा पॉइंटची किक ब्लॉक झाली, ती पळवत नेऊन त्यांनी उलटे २ पॉइंट घेतले. मिशिगन स्टेटला तर हाइट, दुसऱ्या हाफमध्ये डिफेन्सने त्यांना एकही फर्स्ट डाऊन (चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकणं) दिला नाही, मॅच संपत आलेली, ७ ची आघाडी, फक्त एक पंट नीट मारायचा होता. कव्हरेज (रिटर्नरला अडवायला धावणारे) पळालं एकीकडे आणि बॉल गेला दुसरीकडे, त्यांच्या जेडन रीडला मैदान मोकळं, ६२ यार्ड टचडाऊन, ओव्हरटाइममध्ये हार.

तिन्ही गोष्टी स्पेशल टीम्सच्या, म्हणजे किकचे प्ले सांभाळणाऱ्या युनिटच्या. आणि नोव्हेंबरमध्ये फ्रॉस्टने काढलं कोणाला, तर ऑफेन्सच्या चार कोचना! त्यानंतर आयोवाशी २१-६ पुढे होते, चौथ्या क्वार्टरमध्ये पंट ब्लॉक होऊन टचडाऊन खाल्ला, तीही मॅच गेली. स्पेशल टीम्ससाठी बिल बुशना नेमलं ते पुढच्या सीझनला. पण २०२२ मध्ये डब्लिनला २८-१७ पुढे असताना ऑनसाइड किक (मुद्दाम आखूड मारून बॉल आपणच परत मिळवायची) मारायची अवदसा खुद्द हेड कोचला आठवली, हरले ३१-२८. आता हे कुठल्या असिस्टंटच्या माथी मारणार?

उलट मिशिगन बघा, २०२० ला २-४, हेड कोच जिम हारबॉलाही घालवा म्हणत होते लोक. डिफेन्स गळत होता तर त्याने डिफेन्सचे कोच डॉन ब्राउनना सोडलं, माइक मॅकडॉनल्डला आणलं, पुढच्या वर्षी ओहायो स्टेटला ४२-२७ हरवून बिग टेन (त्यांची लीग) घेतली. अर्थात एवढ्या एकाच बदलाने झालं असं कोणी म्हणू नये, पण गळती जिथे होती तिथेच हात घातला हे खरं.

म्हणून तुमच्या टीमचं बघताना स्कोअर थोडा वेळ विसरा. हरलेल्या प्रत्येक मॅचमधले निर्णायक दोन-तीन प्ले लिहून काढा, कुठल्या युनिटचे आहेत बघा, बाय वीकनंतरही (मॅच नसलेला आठवडा) तीच चूक होतेय का तेही बघा, आणि प्रेस कॉन्फरन्समध्ये हेड कोच त्याच युनिटबद्दल बोलतोय की भलतंच. इंज्युरीची सूट द्या, पण क्वार्टरबॅक जखमी होता म्हणून पंट ब्लॉक झाला असं होत नाही.

बायआउटचं (कोचला मुदतीआधी काढलं तर द्यायचे पैसे) ओझं मात्र कॉन्ट्रॅक्ट वाचल्याशिवाय धरू नका. फ्रॉस्टचा १ ऑक्टोबरला १.५ कोटी डॉलरवरून निम्म्यावर येणार होता, तरी जॉर्जिया सदर्नशी ४५-४२ हरल्यावर ११ सप्टेंबर २०२२ लाच काढला, तीन आठवडेसुद्धा थांबले नाहीत.