खण उलटा करून बघा

प्रश्न: बेळगावच्या कॅम्पातल्या बंगल्यातलं जुनं लिखाणाचं कपाट घेतलं आहे. दोन्ही बाजूंना खांब, पुढची फळी खाली पाडली की तिचंच मेज होतं, आत छोटे खण. विकणारा म्हणाला, १८३० चं अमेरिकन आहे. या पावसाळ्यात फळीवर फुगे आले. सुतार म्हणतो, रंधा मारून नवं पॉलिश करू. करू द्यावं का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर: रंधा नको. त्या काळचं व्हीनिअर, म्हणजे साध्या लाकडावर चिकटवलेला भारी लाकडाचा पापुद्रा, करवतीने कापलेलं असलं तरी जेमतेम दीड मिलिमीटर जाड असतं. दोन हात फिरले की खालचं लाकूड उघडं पडेल.

अमेरिकन आहे का, हे खांब सांगत नाहीत. एक खण बाहेर काढून उलटा करा. न्यू यॉर्क, फिलाडेल्फियाच्या १८१५ ते १८४० मधल्या कपाटांत दर्शनी भाग महोगनीचा, पण खणाच्या बाजू नि तळ बहुधा पांढऱ्या पाइनचे किंवा ट्यूलिप पॉप्लरचे. तिथे सागवान निघाला तर कपाट बहुतेक इकडेच घडलंय. त्यात कमीपणा नाही, फक्त किंमत अमेरिकन देऊ नका. कोपऱ्याच्या सांध्याचे दातही पाहा: हातचे असतील तर थोडे असमान आणि मुळाशी आखणीची रेघ दिसेल. सगळे तंतोतंत सारखे असतील तर ते यंत्राचे, म्हणजे १८३० विसरा.

फुगे फळीवरच का? अशा फळीवर बहुधा ज्वाळांसारखी नक्षी असलेलं व्हीनिअर असतं, आणि ते खोडाच्या दुबेळक्यातून काढतात. तिथे रेषा वेड्यावाकड्या धावतात, म्हणून तेच आधी उचकटतं. त्यात खालचं लाकूड पावसात फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं, आणि दमट हवेत जुना सरस मऊ पडतो.

दुरुस्ती दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर काढा. नखाने टकटक करून पोकळ जागा खडूने आखा. फुगा रेषेच्या दिशेने धारदार पात्याने चिरा, आतला जुना सरस कोमट ओल्या फडक्याने काढा, नीट वाळू द्या. दाणेदार सरस रात्रभर थंड पाण्यात भिजवून, भांडं गरम पाण्यात ठेवून ६० अंशांपर्यंत तापवा. उकळला तर त्याची पकड जाते. पातळ सुरीने आत सारा, वर मेणकागद, सपाट ठोकळा आणि शिकंजा, २४ तास. पांढरा गम वापरू नका. पुढच्या दुरुस्तीला तो सुटत नाही.

खणांच्या तळाला बाजूंनी खिळे मारलेले दिसले तर काढा. तळ खाचेत मोकळा हलायला हवा, नाहीतर मधोमध तडकतो.

पॉलिशआधी आतल्या कोपऱ्यात स्पिरिटचा एक थेंब टाका. चिकट झालं तर चपडा लाखेचंच पॉलिश आहे, मग त्यावर पुन्हा लाखच चढवा.