'रिमोट ओरिजिन ऑलरेडी एग्झिस्ट्स' येतंय, डॉट गिट फोल्डर उडवून नव्याने सुरू करू का?

नाही. त्या फोल्डरला हात लावू नका, कोडमधल्या बदलांचा सगळा इतिहास गिट त्यातच ठेवतं.

तुम्ही लिहिलंय की रिपॉझिटरी (प्रोजेक्टचा कोड आणि त्याचा इतिहास) कंपनीच्या नव्या खात्यात गेली, 'गिट रिमोट अ‍ॅड ओरिजिन' दिल्यावर ही एरर आली आणि सिनिअर म्हणतात, डॉट गिट डिलीट करून 'गिट इनिट' कर, म्हणजे कोऱ्या इतिहासाने नवी सुरुवात. अगदी हाच सल्ला २०१९ मध्ये मला मिळाला होता, आणि मी तो ऐकला.

इंदूरला विजय नगरमध्ये एका छोट्या कंपनीत माझी पहिली नोकरी. सर खुर्चीमागे उभे. "उडव, इनिट कर, फोर्स मार. दोन मिनिटांचं काम आहे." सर्व्हरवरच्या जुन्या इतिहासाच्या जागी माझा नवा पुश झाला, म्हणजे वर चढला, सगळे खूश.

पाच दिवसांनी क्लायंटच्या बिलांत जीएसटी चुकला. मीटिंगमध्ये पडद्यावर 'गिट ब्लेम' उघडलं, म्हणजे कोणती ओळ कुणी आणि कधी लिहिली ते दाखवणारी यादी. डावीकडच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत माझं नाव, एकच तारीख, एकच कमिट (बदलांची नोंद). जी फाइल मी कधी उघडलीही नव्हती, तिच्या प्रत्येक ओळीवर माझं नाव! सर समोरच बसले होते. एक शब्द बोलले नाहीत. त्या रात्री रामबागेत घरी आले आणि जेवलेच नाही.

मग आठवलं, आमचा एक सहकारी गणपतीसाठी ग्वाल्हेरला गेलाय, लॅपटॉप त्याच्याकडे आहे. फोन केला, "दादा, पुल मारू नकोस, तुझा मास्टर आहे तसा वेगळ्या ब्रांचवर पुश कर." त्याच्या लॅपटॉपवर जुनी प्रत तशीच होती, ती वेगळ्या ब्रांचवर, म्हणजे शाखेवर, आली आणि दीड वर्षांचा इतिहास परत मिळाला. त्यावर मधल्या पाच दिवसांचे कमिट मी एकेक करून चेरी-पिक केले, म्हणजे उचलून लावले. जीएसटीची ती ओळ मी रुजू होण्याच्या चार महिने आधीची निघाली. कुणाची, ते इथे लिहीत नाही.

सर शेवटपर्यंत म्हणत राहिले, "कोड तर तोच आहे ना, काय बिघडलं?" कोणती ओळ कुणी, कधी, कशासाठी लिहिली हे पुसलं गेलं, ते बिघडलं. नवख्या मुलीच्या माथी दुसऱ्याची चूक लागली, ते बिघडलं. हे मी तेव्हा बोलू शकले नाही.

आता तुमचं. ओरिजिन हे रिमोटचं, म्हणजे सर्व्हरवरच्या रिपॉझिटरीचं, नुसतं नाव आहे, त्यापुढे तिचा पत्ता. दोन्ही डॉट गिटमधल्या कॉन्फिग फाइलीत असतात. आधी 'गिट रिमोट डॅश व्ही' करून फेच (कोड आणायचा) आणि पुश (कोड पाठवायचा) दोन्ही पत्त्यांच्या ओळी बघा. मग 'गिट रिमोट सेट-यूआरएल ओरिजिन' आणि पुढे नवा पत्ता. झालं. पुशचा पत्ता वेगळा ठेवलेला असेल तर तो 'डॅश डॅश पुश' लावून वेगळा बदलावा लागतो. 'रिपॉझिटरी नॉट फाउंड' आलं तर स्पेलिंगसोबत परवानगीही तपासा, कारण खासगी रिपॉझिटरीला प्रवेश नसला तरी गिटहब (रिपॉझिटरी ठेवायची वेबसाइट) हेच सांगतं. पुश-पुलसाठी खात्याचा पासवर्ड तर तिथे १३ ऑगस्ट २०२१ पासून चालतच नाही. टोकन (पासवर्डऐवजी वापरायचा गुप्त कोड) किंवा एसएसएच की (संगणकावर ठेवलेली ओळखीची किल्ली) लागते.

प्रोजेक्ट कालचाच, तुमचा एकट्याचा आणि एकाच कमिटचा असेल, तर फोल्डर उडवल्याने फार नुकसान नाही. पण तुमची टीम आहे म्हणता.

तरीही अडलं तर डॅश व्हीचा निकाल खाली टाका. पत्त्यात टोकन दिसत असेल तर तेवढं आधी खोडा.